फाटकावरचा आकडा

१

"अण्णा, त्रेसष्ट लाख जरा जास्तच न्हाई का झाले?"

दूधवाल्याच्या ह्या प्रश्नाचा अर्थ ज्ञानेश्वर कानवड्यांना आधी लागलाच नाही. ते फाटकाशी आले, बाहेर वाकून पाहिलं आणि तिथंच थबकले. त्यांच्याच फाटकावर, रस्त्याच्या बाजूनं, पिवळ्या रंगाचा नवाकोरा फ्लेक्स सुतळीनं बांधलेला होता.

'बंगला विकणे आहे. ऐसपैस अंगण, बोअरला बारमाही पाणी. किंमत त्रेसष्ट लाख चाळीस हजार.' आणि खाली मोबाईल नंबर. तोही अण्णांचाच.

अण्णांनी तो बांधलेला नव्हता. कुणाला बांधायला सांगितलाही नव्हता. त्यांनी तो ओढून काढला, पण तोवर सकाळी फिरायला जाणाऱ्या कुणीतरी फोटो काढून पुढं पाठवला होता. संगमनेरात अशा गोष्टीला पाय फुटत नाहीत, चाकं फुटतात. दुपारपर्यंत अण्णांचा फोन सारखा वाजत होता. घर कधी बघायला येऊ? कागदपत्रं क्लिअर आहेत ना? थोडं कमीजास्त होईल का?

ह्या सगळ्यात माझा संबंध इतकाच की अण्णांची मुलगी निकिता माझ्या ओळखीची. मी माधुरी भालेराव. श्रीरामपूरला राहते आणि बँकांसाठी घरांचं मूल्यांकन करते. निकिता संगमनेरच्या कॉलेजात शिकवते. तिनं घरासाठी कर्ज काढलं तेव्हा तिच्या फ्लॅटची किंमत मीच ठरवली होती.

"ताई, घरात कोणी कोणाशी बोलत नाहीये," ती फोनवर म्हणाली. "अण्णांचा दादावर संशय आहे. दादा म्हणतो, मी घरात पाऊल ठेवणार नाही. तुम्ही येऊन बघता का?"

"अगं, मी घराचा भाव काढते. चोर नाही शोधत."

"तुम्हीच म्हणाला होतात, मालकानं सांगितलेला पहिला आकडा ऐकला की अर्धा मालक कळतो."

म्हणाले होते खरं. आणि ते खरंच आहे. कुणी शेजाऱ्याचं घर कितीला गेलं ते ऐकून त्यावर पाच लाख चढवतो. कुणी आपल्याला किती लागणार आहेत ते बघून तेवढे मागतो. कुणी घरातल्या आठवणींचेही पैसे लावतो. पण त्रेसष्ट लाख चाळीस हजार? असा आकडा मी कुठल्या मालकाच्या तोंडून ऐकला नव्हता. घर विकणारा माणूस साठ म्हणतो, पासष्ट म्हणतो, फार तर शेवटी शुभ म्हणून एक जोडतो. हे चाळीस हजार कुठून आले?

त्या चाळीस हजारांसाठी मी एसटीत बसले.

२

कानवड्यांचं घर नाशिक-पुणे रस्त्यापासून थोडं आत आहे. फाटकासमोर शेणसडा घातलेला, त्यावर ठिपक्यांची रांगोळी. शेजारी फरशांचं मोठं दुकान. मी अण्णांना नमस्कार केला आणि त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात दुकानातलं फरशी कापायचं मशीन सुरू झालं. दात शिवशिवतील असा आवाज. अण्णांनी हातानं थांबा म्हणून खूण केली. मशीन थांबल्यावरच बोलले.

"दिवसभर असंच चालतं. रात्री शांत असतं. दुकान सुनीलचं हाय, सुनील दिघे. राहायला तिकडं नवीन वसाहतीत. हितं फक्त तो आन् कामावरची चार पोरं."

अण्णा दूध संघात सुपरवायझर होते. सत्तरी ओलांडली तरी आवाजात अजून तो दरारा. त्यांनी सगळं सांगितलं. गुडघ्यांमुळं जिना चढवत नाही. दोघांना एवढं घर झेपत नाही. निकिताच्या जवळ तळमजल्यावरचा एक लहानसा फ्लॅट बघून ठेवलाय. आणि हे घर सुनीलला गोडाऊनसाठी द्यायचं ठरलंय. पंचेचाळीस लाखांना.

मी नजरेनंच अंगण मोजलं. पंचेचाळीस फार कमी होते.

"पंचेचाळीस कसे ठरवले, अण्णा?"

"प्लॉट घेतला तवाचे पैसे, बांधकामाचे पैसे, वरच्या दोन खोल्या नंतर काढल्या त्याचे पैसे. त्यावर थोडं व्याज. आपण घातलं ते निघालं, बास. आन् माझ्या छातीत दुखलं तवा ह्या सुनीलनं मला स्वतःच्या गाडीतनं नाशिकला नेलं, आठ दिवस दवाखान्यात बसला. त्याच्याशी मी भाव करू? शब्द दिलाय. पुढच्या आठवड्यात विसाराचे पैसे घ्यायचेत."

त्यांनी पडवीतल्या कोपऱ्यातून फ्लेक्स आणून दिला. मी तो जमिनीवर पसरला. छपाई साधी, छापणाऱ्याचं नाव नाही. संगमनेरात फ्लेक्सवाले पुष्कळ, आणि अंगद, म्हणजे अण्णांचा मुलगा, त्यांच्याकडं हेलपाटे घालून हात हलवत परत आला होता. खालच्या कडेला वाळलेले हिरवट-तपकिरी शिंतोडे होते. मी नखानं एक खरवडून पाहिला. शेण.

"काढल्यावर हा चिखलात वगैरे पडला होता का?"

"छ्या. काढला तो थेट आत आणून टाकला."

"अण्णा, तुम्हाला कोणावर संशय आहे?"

अण्णांनी आतल्या दाराकडं एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"संशय कसला? खात्री हाय. माझ्या पोरानंच केलंय हे."

३

अंगद पुण्याला एका कंपनीत आहे. तो निकिताच्या घरी उतरला होता. मला बघताच म्हणाला, "मॅडम, मी भांडलो, ते कबूल. पंचेचाळीस ऐकल्यावर मी अण्णांना म्हणालो, हे घर विकणं नाही, दान देणं आहे. पण फ्लेक्स मी नाही लावला."

"तुम्ही लावला असता तर किंमत किती लिहिली असती?"

तो एका क्षणाचाही विचार न करता म्हणाला, "एक कोटी."

"एवढे कुणी देईल?"

"न देऊ दे. कोटी सांगितले की समोरचा ऐंशीवर येतो. पुण्यात सगळे असंच करतात."

"आणि फोन नंबर?"

"माझा. अण्णांचा कशाला देऊ? ते आलेल्या माणसाला चहा पाजून पंचेचाळीसच सांगतील."

रागीट माणूस, पण बोलण्यात गाठी नव्हत्या. निकिता शेजारी बसली होती. तिला तोच प्रश्न विचारला. "सरकारी दर असतो ना, तो बघून त्यावर थोडे," ती म्हणाली. "पण मी दिवसभर कॉलेजात असते, मला एवढा उद्योग कुठं सुचणार?"

संध्याकाळी सुनीलला दुकानात गाठलं. चाळिशीचा, नीटनेटका, जरा ओशाळलेला. अण्णांना फोनवर फोन येताहेत हे त्यालाही कळलं होतं.

"लोकांना वाटतं मी म्हाताऱ्याला गंडवलं," तो म्हणाला. "ताई, मी भाव पाडला नाही. अण्णांनीच पहिला आकडा काढला. मी पन्नास-बावन्नपर्यंत जायच्या तयारीनं गेलो होतो. अण्णा पंचेचाळीस म्हणाले. आता समोरचा आपणहून कमी सांगतोय तर जास्त घ्या म्हणून कोण भांडतं?"

"फ्लेक्समुळं तुमचं नुकसान झालं."

"नुकसान तर झालंच. पण मला सगळ्यात जास्त काय लागलं माहितीये? त्या दिवसापासून अण्णा माझ्या डोळ्याला डोळा भिडवत नाहीत."

म्हणजे सुनीलही नाही. कुणी आपल्याच ताटात माती कालवत नाही.

परत कानवड्यांकडं आले. अण्णांच्या पत्नी मनकर्णाकाकू ओट्याशी भाकरी थापत होत्या. ठेंगण्या, सावळ्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. मी त्यांच्याजवळ बसले.

"काकू, तो फ्लेक्स तुम्ही कधी पाहिला?"

"ह्यांनी आत आणला तवा. तवर मला काय म्हाईत?"

"आणि तुम्हाला विचारलं, ह्या घराचे किती मागायचे, तर?"

भाकरी तव्यावर पडली. काकूंनी तिच्यावर पाणी फिरवलं.

"मला काय कळतंय भावातलं," त्या म्हणाल्या. "तुमी भाकरी खाऊन जा."

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आदिनाथला भेटले. त्या भागातली घरं-प्लॉट विकून देणारा हा दलाल. बसस्थानकाजवळ त्याचं एका टेबलाचं ऑफिस आहे. मूल्यांकन करणाऱ्या बाईला दलालाशी गोड बोलावंच लागतं, त्यामुळं आम्ही एकमेकांना ओळखत होतो.

"फ्लेक्स माझा असता तर नंबर माझा असता," तो हसत म्हणाला. "आणि मी त्रेसष्ट चाळीस कशाला लिहीन? मी लिहितो बहात्तर. गिऱ्हाईक घासत घासत एकसष्ट-बासष्टवर येतं, त्याला वाटतं आपण जिंकलो, मालकाला वाटतं आपण जिंकलो, आणि मला माझी दलाली मिळते."

"म्हणजे घर जाण्यासारखं एकसष्ट-बासष्टला?"

"सहज. त्याच वसाहतीत एवढ्यात तीन-चार घरं गेली, साधारण त्याच भावानं. ज्यानं कुणी तो आकडा लिहिला ना मॅडम, त्यानं अभ्यास केलाय. घरं सांगितली कितीला त्यावर नाही गेला. गेली कितीला, त्यावर गेला."

मी चहाचा पेला खाली ठेवला. "गेली कितीला हे बाहेरच्या माणसाला कसं कळणार?"

"विचारलं तर कळतं. पण लोक विचारत नाहीत. बोर्डावरचा भाव वाचतात आणि घरी जाऊन आपलं घर पण तेवढ्याचंच समजतात." मग त्याला काहीतरी आठवलं. "एक बाई मात्र विचारायची. गेले काही महिने फोन यायचा. कुठं बोर्ड दिसला की भाव विचारायची. घर बघायला या म्हटलं तर 'बघू' म्हणून टाळायची. आणि ते घर विकलं गेलं की परत फोन. 'सांगितले हुते किती, आन् गेलं किती?' मी वैतागून एकदा विचारलं, मावशी, तुम्हाला घर घ्यायचंय की पीएचडी करायचीय?"

"नाव काय सांगितलं?"

"नाव नाही. नंबरपण दरवेळी निराळा. भजनी मंडळातल्या कुणाकुणाचा असावा, एकदा मागं टाळ वाजत होते. वयस्कर बाई असावी. बाकीच्या वेळी तर बोलणं अर्धं ऐकूच यायचं नाही. मागं कायम ते, दातावर येतं बघा, कर्रर्र करून काहीतरी कापत असायचे."

मी आदिनाथकडं बघत राहिले. मग निकिताला फोन लावला.

"सगळ्यांना दुपारी घरी बोलाव. अंगदला, आणि सुनीलला पण."

"कळलं का कोण ते?"

"कळलं. पण ते तुझ्या अण्णांना आवडणार नाही."

५

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद होतं. पुढच्या खोलीत सगळे बसले होते. अण्णा खुर्चीत, अंगद दाराशी उभा, सुनील अवघडून सोफ्याच्या टोकावर. निकिता आणि काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी.

"मी नंबरापासून सुरुवात करते," मी म्हटलं. "ज्याला ह्या घरातून दलाली खायची होती, त्यानं स्वतःचा नंबर टाकला असता. ज्याला नुसता त्रास द्यायचा होता, त्यानं किंमत वाटेल ती टाकली असती. इथं नंबर अण्णांचा आहे आणि किंमत अगदी वाजवी आहे. म्हणजे ज्यानं हे केलं त्याला खरी गिऱ्हाइकं यायला हवी होती, आणि त्यांचं बोलणं अण्णांनी स्वतःच्या कानांनी ऐकायला हवं होतं."

अण्णांनी अंगदकडं पाहिलं.

"अंगद नाही, अण्णा. त्याच्या डोक्यात कोटीखाली आकडाच नाही. आणि त्याला तुमच्यापर्यंत गिऱ्हाईक येऊच द्यायचं नव्हतं. सुनीलला पंचेचाळीसात घर मिळत होतं, तो कशाला बोर्ड लावेल? हा आकडा विकल्या गेलेल्या घरांचा खरा भाव काढून, त्यांची सरासरी करून आलाय. म्हणून तो असा वेडावाकडा आहे. वर घासाघिशीसाठी थोडी जागा ठेवलीय. कुणीतरी महिनोन्महिने फोन करून आदिनाथकडून ते भाव काढलेत. एका वयस्कर बाईनं. आणि तिच्या मागं फरशी कापायचं मशीन चालू असायचं."

सुनीलनं मान वर केली. "माझ्या दुकानात बाई कोणी नाही."

"हो. आणि निकिता दिवसा कॉलेजात असते. मशीन रात्री बंद असतं."

आता कुणी कुणाकडं बघत नव्हतं. मी तरी बोलत राहिले, कारण अर्ध्यावर थांबणं जास्त वाईट झालं असतं.

"फ्लेक्सच्या खालच्या कडेवर सड्याचे शिंतोडे आहेत. म्हणजे फाटकासमोर सडा पडला तेव्हा तो तिथं बांधलेला होता. दूधवाल्याच्याही आधी. सडा टाकणाऱ्या बाईला तो दिसला नाही, हे शक्य नाही. आणि ह्या घरात रोज सडा कोण टाकतं, ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. आणि मी सगळ्यांना विचारलं, तुम्ही किती मागितले असते? प्रत्येकानं काही ना काही सांगितलं. दलालानंसुद्धा. एकाच माणसानं सांगितलं नाही." मी काकूंकडं वळले. "तुम्ही तुमचा आकडा आधीच फाटकावर लिहिला होता ना, काकू?"

मनकर्णाकाकूंनी पदराला हात पुसले. डोळ्यांत भीती नव्हती. थकवा होता, आणि थोडी सुटका.

"व्हय. मीच लावला. भजनातल्या एकीच्या पोरानं गुपचूप छापून दिला."

"आई!" निकिता म्हणाली.

अण्णांचा चेहरा लाल झाला. "चाळीस-पंचेचाळीस वर्षं संसार केला, आन् माझ्याच फाटकावर… मला सरळ सांगता येत न्हवतं?"

"सांगितलं हुतं," काकू म्हणाल्या. "तुमी पंचेचाळीस म्हनून आलात त्याच रातीला सांगितलं. शेजारच्या गल्लीतलं घर, आपल्यापेक्षा धाकलं, साठाला गेलं म्हनून. तुमी काय म्हनालात आठवतंय? बायकांना भावातलं काय कळतं."

अण्णांनी खाली बघत मान हलवली.

"फ्लॅटला चाळीसच्या वर लागनार. खाली ऱ्हातं काय? उद्या तुमच्या छातीत पुन्हा दुखलं, माझे डोळे गेले, तर कुनापुढं हात पसरायचा? पोरं चांगली हायेत. पन मला सुनेच्या तोंडाकडं बघून चहा मागायचा न्हाई. घर एकदाच विकता येतं. म्हनून म्हटलं, माझं न्हाई ऐकत तर लोकांचं ऐका."

अंगद दाराशी खाली बसला.

सुनीलच पहिल्यांदा बोलला. "काकू, मला त्रेसष्ट झेपणार नाहीत. बावन्नपर्यंत येतो."

"म्हाईत हाय बाळा," काकू म्हणाल्या. "तू आमाला नाशिकला नेलंस, ते मी मरेपरयंत इसरनार न्हाई. पन त्याची परतफेड घराच्या भावात केली, तर ती तुला बी खुपल आन् आमाला बी."

आता राहिला तो शब्द. आणि शब्द अण्णांचा होता. बायकोचा नाही, मुलाचा नाही. मी त्यांच्याकडं पाहिलं तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. दूध संघात ज्यांच्या एका हाकेनं टँकर थांबायचे, त्या माणसाला आता जे म्हणायचं होतं ते आयुष्यात कधी म्हणायची वेळ आली नसावी.

गुडघ्यांवर हात टेकून ते उठले आणि सुनीलपाशी गेले.

"सुनील, मी तुला शब्द दिलाय. मोडनार न्हाई. तू म्हनशील तर आज विसार घेतो." मग जरा थांबून म्हणाले, "पन तू तो मला परत दिलास, तर… बरं हुईल."

सुनीलनं त्यांचे दोन्ही हात धरले. "दिला, अण्णा. बसा तुम्ही. गुडघे दुखतील."

६

घर एका डॉक्टर जोडप्यानं घेतलं, एकसष्ट लाखांना. बोलणी मनकर्णाकाकूंनीच केली. अण्णा शेजारी बसून होते. एकदा मध्ये बोलायला गेले आणि काकूंनी नुसता चहाचा कप पुढं केला, तेवढ्यावर गप्प झाले. सुनीलनं पलीकडच्या गल्लीत गोडाऊनसाठी जागा घेतली. घर हलवायच्या दिवशी टेम्पो त्याचाच होता. अंगद पुण्याहून येऊन कपाटं उचलत होता. बापलेक अजून मोजकंच बोलत होते, पण बोलत होते.

फ्लॅटच्या खरेदीखताला निकितानं मलाही बोलावलं. "साक्षीदार म्हणून नाही," ती म्हणाली, "नुसत्याच या."

नोंदणी कार्यालयात नेहमीसारखी गर्दी होती. बाकावर बसून अण्णा पाणी पीत होते. काकू नवी साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन भिंतीवरच्या सूचना वाचत होत्या. आतून कारकुनानं हाक दिली.

"मनकर्णा ज्ञानेश्वर कानवडे!"

काकू वाचत राहिल्या. कारकुनानं पुन्हा नाव घेतलं, जरा चिडून. काकूंनी मान वळवून मागं पाहिलं, कोण उठतंय ते बघायला. मला उलगडा झाला. फ्लॅट दोघांच्या नावावर होता आणि पहिलं नाव काकूंचं होतं, हे अण्णांनी त्यांना सांगितलेलंच नव्हतं.

अण्णांनी बाटलीचं झाकण लावलं आणि हळूच त्यांच्या कोपराला हात लावला.

"अगं, तुलाच बोलावतायत," ते म्हणाले. "ऊठ. घर तुझं हाय."